चुंबळ

ताई आली तेव्हा तिच्या खांद्याला बॅग होती आणि ती तिने खाली ठेवली नाही. धाकटीला तेवढ्यावरूनच कळलं. राहायला आलेलं माणूस दारातच ओझं टाकतं. न्यायला आलेलं माणूस उभ्या उभ्या बोलतं.

“चार वाजता गाडी येईल,” ताई म्हणाली. “झोपवून न्यायची गाडी आहे, मागे एक माणूसही बसू शकतो. आमच्या तिकडे, मागच्याच गल्लीत आहे ते शुश्रूषा केंद्र. मी रोज जाईन.”

“आजच?”

“मग कधी? याने जखमेचा फोटो पाठवला तेव्हापासून माझ्या घशाखाली घास उतरत नाही.”

हा म्हणजे धाकटा, ताईचा भाऊ आणि धाकटीचा नवरा. तो जिन्याच्या पायरीवर बसून बुटाची नाडी सोडवत होता. सोडवून झालेली नाडी तो पुन्हा सोडवत होता. बायको आणि बहीण यांच्यामध्ये सापडलेल्या पुरुषाला नाडीचाही आधार वाटतो.

पुढच्या खोलीत मास्तर, ताईचे वडील, निजले होते. सात आठवड्यांपूर्वी त्यांना अर्धांगवायूचा झटका आला, उजवी बाजू गेली आणि वाचाही गेली. दोन आठवडे दवाखान्यात काढून ते घरी आले त्याला आज पस्तीस दिवस झाले होते. ज्यांच्या वडिलांनी रस्त्याकडेला बसून गाद्या शिवल्या आणि ज्यांनी स्वतः त्यातून कारखाना उभा केला, ते मास्तर आता आपल्याच हातच्या गादीवर पडून होते आणि त्या गादीवरच त्यांच्या माकडहाडापाशी जखम झाली होती. आधी लाल डाग, मग फोड, मग खळगा. डॉक्टर त्याला बेडसोर म्हणत. शेजारीपाजारी तोंडाने काही म्हणत नसत, पण गादीवाल्याची पाठ गादीवर सडली हे कळल्यावर त्यांच्या चेहऱ्यावर काय उमटायचं ते धाकटीला दिसायचं.

बोलायचं ते मास्तरांसमोर नको, कारण वाचा गेली तरी त्यांचे कान शाबूत होते. म्हणून तिघंही अंगण ओलांडून मागच्या कारखान्यात गेली आणि कापड बेतायच्या लांब टेबलाशी बसली. सुट्टीचा दिवस होता, कामगार नव्हते. थोरला भाऊ मात्र होता. बायको गेल्यापासून त्याला घरापेक्षा कारखाना बरा वाटायचा. एका बसच्या सीटचं कव्हर मांडीवर घेऊन तो टाके घालत होता.

“दादा, सुई खाली ठेव,” ताई म्हणाली.

“ऐकतोय मी.”

“मी कोणाला दोष देत नाही,” ताईने सुरुवात केली. अशी सुरुवात झाली की पुढे दोषाखेरीज काही नसतं, हे त्या घरात सगळ्यांना पाठ होतं. “पण वेळच्या वेळी कूस बदलली असती तर माणसाची ही दशा झाली नसती. हे माझं म्हणणं नाही, डॉक्टरांना विचारून आलेय.”

“बदलतो आम्ही,” धाकटा म्हणाला. “दर दोन तासांनी गजर होतो. गजर झाला की मी दुकानातून येतो आणि दोघं मिळून वळवतो.”

“दर वेळी?”

धाकट्याने बायकोकडे पाहिलं.

“पस्तीस दिवसांत दोनदा चुकलं,” धाकटी म्हणाली. “दोन्ही वेळा अर्ध्या तासाने वळवलं.”

“दोनदाच चुकलं आणि एवढी जखम झाली? वहिनी, मला लहान समजू नकोस.”

धाकटीला मास्तर इथेच हवे होते. लग्न होऊन आली त्या वर्षी तिने बालवाडीत शिकवायला जायचं ठरवलं, तेव्हा घरात सगळ्यांनी नाकं मुरडली होती. मास्तर त्यावर चकार शब्द बोलले नाहीत. पंधरा दिवसांनी मुलांच्या दुपारच्या झोपेसाठी चाळीस छोट्या गाद्या हातगाडीवर घालून ते स्वतः शाळेच्या दारात उभे राहिले. त्यानंतर घरातही कोणी काही बोललं नाही. त्या माणसाला आज असं उचलून नेलं, तर जन्मभर ती सासऱ्याला सडू देणारी सून म्हणून राहणार होती. आणि खरं सांगायचं तर त्याहूनही तिला भीती वाटत होती ती वेगळ्याच गोष्टीची. ती तिने कोणालाच सांगितली नव्हती.

“ती हवेची गादी का नाही आणली?” ताईने विचारलं. “दवाखान्यातून सुचवली होती ना?”

“तुला फोन केला होता तेव्हा,” धाकटा म्हणाला. “तूच म्हणालीस, गादीवाल्याच्या घरात भाड्याची गादी आली तर लोक तोंडात शेण घालतील.”

“मी गमतीने म्हटलं.”

“आम्हीही हसलो. आणि नाही आणली.”

हसायला त्या दिवशी चौघंही होती, मग आता कोणी कोणाकडे बोट दाखवायचं?

“मी चुंबळ करून दिलीय,” थोरला हळूच म्हणाला. “मधे मोकळी आहे. जखमेला काही लागत नाही.”

चुंबळ हे नाव धाकट्याने दिलं होतं. डोक्यावर हंडा ठेवताना खाली कापडाची चुंबळ ठेवतात तशी ती गोल होती, पण तेवढंच साम्य. तीन दिवस खपून थोरल्याने ती बनवली होती. निवडून घेतलेला कापूस, वर धुऊन धुऊन मऊ झालेलं जुनं कापड, आणि आतल्या काठाला सुती दोर घालून मारलेली गोठ, म्हणजे जाड किनार. गादीची परीक्षा काठावर होते, हे त्या घराचं ब्रीद होतं. काठ बसला की गादी मेली. म्हणून थोरल्याने चुंबळीचा काठ असा काही भरला होता की वर्षभर कोणी त्यावर बसलं तरी तो हलला नसता. सगळ्यांनी तिची वाखाणणी केली होती. पट्टी बदलायला येणाऱ्या नर्सच तेवढ्या पाहायच्या राहिल्या होत्या, कारण त्या यायच्या दिवशी धाकटी बिछाना आधीच झाडून पुसून ठेवायची आणि चुंबळ उन्हात टाकायची.

“ती चुंबळ आहे म्हणून तर निभावलं,” ताई म्हणाली. “दादाने निदान हात तरी हलवले.”

हे शेवटचं वाक्य कोणासाठी होतं ते कळायला कोणाला वेळ लागला नाही. तेवढ्यात धाकटीच्या मोबाईलवर गजर झाला. बारा वाजले होते.

*

ताईने धाकट्याला बसवून ठेवलं आणि वळवायला ती स्वतः गेली. बघायचंच होतं तिला.

खोली स्वच्छ होती. त्यात खोट काढायला तिला जागा मिळाली नाही, आणि मनातून तिचा थोडा हिरमोडच झाला. खिडकीशी पलंग, उशाला पाण्याचा पेला, चमचा, घडी केलेले रुमाल. औषधाच्या वासाखाली आणखी एक वास होता, गोडसर आणि कुजका. ती दोन पावलं मागे सरली आणि मग स्वतःचीच लाज वाटून पुढे आली.

“बाबा, मी आलेय.”

मास्तरांचा डावा डोळा तिच्याकडे वळला. चेहऱ्याची एकच बाजू हसली.

“आधी गुडघा वाकवायचा,” धाकटी सांगत होती. “मग खांदा आणि खुबा एकाच वेळी धरायचा. ओढायचं नाही ताई, उचलायचं. ओढलं की कातडी सोलते.”

ताईने धरलं. एके काळी कापसाचं आख्खं गाठोडं खांद्यावर टाकणारा तो माणूस हाताला अगदी हलका लागला. पाठ वाऱ्याला उघडी ठेवून धाकटीने पट्टीच्या कडा तपासल्या. मग चुंबळ हातात घेऊन ती नुसतीच उभी राहिली.

“ठेव की,” ताई म्हणाली.

“थोडा वेळ पाठ तशीच राहू दे का? उशा लावते बाजूने.”

“अगं, तीच तर एक धड गोष्ट आहे या खोलीत. ठेव नीट.”

धाकटीने चुंबळ ठेवली. मास्तरांना उशीच्या आधाराने अर्धवट उताणं केलं आणि ती रुमाल धुवायला मोरीत गेली.

ताई खुर्ची ओढून बसली. बापाजवळ अशी निवांत बसायची तिला सवयच नव्हती. दहा वर्षांची झाल्यावर तिला कारखान्यात यायची बंदी झाली, डोळ्यात कापूस जातो म्हणून. तिच्या भावांच्या डोळ्यांत मात्र तो कधी गेला नाही. बाप तिच्या वाट्याला आला तो संध्याकाळी दमून हातपाय धुतलेला, केसात कापसाचे तंतू राहिलेला. त्या तंतूंसाठी ती भांडायची, मी काढणार म्हणून.

मास्तरांचा डावा हात हलत होता. चादरीवरून सरपटत तो कमरेखाली गेला, चुंबळीचा काठ त्याने अंगठ्यात आणि बोटात धरला, जरा उचलला, सोडला. पुन्हा धरला, उचलला, सोडला.

“काय हवंय बाबा? पाणी?”

हात थांबला नाही. तिने तो हातात घेतला, छातीवर ठेवला, थोपटला. जरा वेळाने तो पुन्हा खाली गेला. मास्तर तिच्याकडे रोखून बघत होते आणि त्यांच्या डोळ्याच्या कडेला पाणी जमलं होतं. ताईचा बांध फुटला. या माणसाला दिवसभर कोणीतरी हवं असतं, आणि हा बोलावू शकत नाही म्हणून चादरी ओढतो, असं तिला वाटलं. ती उठली ती तरातरा कारखान्यात गेली.

*

“तुम्हाला लाज नाही वाटत?” ताई दारातूनच म्हणाली. थोरल्याने मान वर केली नाही.

तिच्यामागे धाकटीही आली होती, ओल्या हातांनी.

“काय झालं आता?” धाकट्याने विचारलं.

“काय व्हायचंय. माणूस तिथे जिवाच्या आकांताने बोलावतोय. बोलता येत नाही म्हणून त्या चुंबळीचा काठ धरून असं असं करतोय,” तिने टेबलावर पडलेल्या दुसऱ्या एका कव्हराची शिवण चिमटीत धरली, उचलली, सोडली, पुन्हा उचलली, “आणि इथे एक जण सीट शिवतोय, दुसरा नाडी सोडवतोय. दादा, पस्तीस दिवसांत तू त्या खोलीत एकदा तरी गेलास? खिडकीतून विचारतोस म्हणे, चुंबळ ठेवलीय ना. बाप आहे तो आपला. दादा, मी तुझ्याशी बोलतेय.”

थोरला तिच्या बोटांकडे बघत होता.

“परत कर,” तो म्हणाला.

“काय?”

“आत्ता केलंस ते. बाबा करतात तसं.”

ताईने गोंधळून शिवण पुन्हा चिमटीत धरली. उचलली, सोडली. उचलली, सोडली.

“दोनदा?”

“दोनदा. थांबतात, मग पुन्हा दोनदा.”

“काठच धरतात? मधला भाग नाही, चादर नाही?”

“काठच,” धाकटी मागून म्हणाली. “बारा दिवस झाले. हात बाजूला केला तरी तिथेच नेतात. मला वाटलं हाताला चाळा लागलाय. लकव्यात होतं असं कोणीतरी म्हणालं.”

थोरल्याने सुई कव्हरात खोचली.

मास्तर कारखान्यात कधी कोणावर ओरडले नाहीत. समोर गिऱ्हाईक असायचं, शिकाऊ कारागीर असायचा, चारचौघांत माणसाची शोभा कशाला करा, असं त्यांचं धोरण. ते फिरत फिरत यायचे, चुकलेली शिवण चिमटीत धरून दोनदा उचलायचे आणि पुढे निघून जायचे. त्याचा अर्थ एकच, उसव. पुन्हा कर. त्या चिमट्याला भले भले कारागीर टरकून असत. थोरल्याने तो पहिल्यांदा खाल्ला तेव्हा तो चौदा वर्षांचा होता आणि त्या दिवशी त्याने सबंध गादी उसवली होती. पुढे पुढे मास्तर त्याच्या कामापाशी थांबेनासे झाले. गेल्या वीस वर्षांत एकदाही नाही. तोच त्याला मिळालेला सगळ्यात मोठा मान होता.

“उसव म्हणतायत ते,” थोरला म्हणाला. “बारा दिवस सांगतायत, उसव.”

धाकट्याचा चेहरा उतरला. “मला कळायला हवं होतं रे. लहानपणी पाहिलेलं आहे मी. मी रोज त्यांना वळवतो आणि माझ्या डोक्यात आलं नाही.”

“तू दुकानात बसतोस. तुला कसं कळणार?” थोरला उठला. “ज्याला कळलं असतं तो खोलीत गेलाच नाही.”

अंगण पंचवीस पावलांचं होतं. थोरल्याने ते ओलांडायला इतका वेळ लावला की मागून येणाऱ्यांना दोनदा थांबावं लागलं. दारात तो घुटमळला, मग आत गेला आणि पलंगापाशी गुडघ्यांवर बसला. मास्तरांनी त्याला पाहिलं. डावा हात खाली सरकला, काठ चिमटीत आला.

“कळलं बाबा,” थोरला म्हणाला. “कळलं. राहू दे आता.”

हात लगेच सैल पडला. इतक्या दिवसांत तो असा पहिल्यांदाच पडला, हे दारातून बघणाऱ्या धाकटीच्या ध्यानात आलं.

“मी आलो नाही,” थोरला बोलत होता, मागे कोण उभं आहे याची त्याला शुद्ध नव्हती. “त्या दिवशी आपलं वाजलं होतं, फोम वापरायचा की कापूस यावरून. तुम्ही गाठोड्यावर बसलात आणि काही बोलेनात. मला वाटलं रुसलात. मी म्हटलं, बसू देत. शिवण पुरी केली मी, बाबा. सबंध शिवण पुरी केली, दोरा तोडला आणि मग वळून पाहिलं. तेव्हा तुमचं तोंड वाकडं झालं होतं. कोणाला सांगितलं नाही मी हे. तुम्हाला ठाऊक होतं म्हणून तुमच्यासमोर यायची छाती झाली नाही.”

मास्तर त्याच्याकडे बघत राहिले. त्या नजरेत माफी होती की नाही, हे सांगता येत नाही. पण ती नजर हलली नाही, आणि थोरल्यालाही ती चुकवावीशी वाटली नाही.

*

नर्स एक वाजता आल्या. यायचा त्यांचा आज वार नव्हता. प्रवासाआधी एकदा बघून जा म्हणून ताईनेच त्यांना गळ घातली होती. त्यांनी हातमोजे चढवले, मास्तरांना थोरल्याच्या मदतीने कुशीवर घेतलं आणि पलंगाच्या कडेला काढून ठेवलेली चुंबळ उचलून उजेडात धरली.

“हे काय आहे?”

ताईने थोरल्याकडे पाहिलं.

“कोणी सांगितलं हे वापरायला?”

“मीच केलीय, सिस्टर,” थोरला म्हणाला.

नर्सनी काठ दाबून पाहिला. मग पट्टी सोडवली. थोरल्याने ती जखम त्या क्षणापर्यंत पाहिली नव्हती. फोटोही त्याने बघायचा टाळला होता. मधे काळपट पिवळा खळगा होता, आणि त्याच्याभोवती कातडीवर एक जांभळं कडं उमटलं होतं, गोल, नीटनेटकं, गोठीच्या जाडीचं. टाक्यांच्या खुणाही त्यात ओळखू येत होत्या. त्याचं स्वतःचं काम तो कुठेही ओळखू शकला असता.

“बघा,” नर्स म्हणाल्या. आवाजात राग नव्हता, दमणूक होती. “मधे मोकळं ठेवलं की जखमेला आराम पडतो, असं सगळ्यांनाच वाटतं. पण माणसाचं वजन कुठे जाणार? काठावर. काठाने चारी बाजूंनी दाबून धरलं की मधल्या जागेला रक्त पोचत नाही. भरायला तर रक्तच लागतं. म्हणून आम्ही असली गोल उशी कुणाला देत नाही, विकतचीसुद्धा नाही. मी इतक्यांदा आले, मला दाखवलं कसं नाही कोणी?”

“दर वेळी काढून उन्हात घालत होते,” धाकटी म्हणाली. “तुम्ही यायच्या आधी.”

“कूस तर वेळेवर बदलत होता तुम्ही. टाचा बघा यांच्या, खुबे बघा, कुठे डाग नाही. सात आठवडे पडून असलेल्या माणसाच्या टाचा अशा राहत नाहीत सहसा.”

ताईने टाचा पाहिल्या. मग तिने धाकटीकडे पाहिलं, आणि तिच्या तोंडात मारल्यासारखं झालं.

“वहिनी,” ती म्हणाली, “मी तुला नको नको ते बोलले.”

इथे धाकटीने ‘असू द्या ताई’ म्हटलं असतं तर सगळं मिटलं असतं. घरातली पुष्कळ भांडणं याच तीन शब्दांवर मिटलेली होती. तिने रुमालाला हात पुसले.

“मला दिसलं होतं,” ती म्हणाली. “ते कडं. चार दिवसांपूर्वी. तेव्हा फिकट होतं. मी चुंबळ काढून ठेवली तासभर. मग दादांनी खिडकीतून विचारलं, चुंबळ ठेवलीय ना. मी हो म्हटलं आणि पुन्हा ठेवली. दुसऱ्या दिवशी कडं गडद दिसलं. तरी ठेवली. आज बारा वाजता ताईंनी ठेव म्हटलं, तरीही ठेवलीच.”

“पण का?” धाकट्याने विचारलं. त्याला बायकोचं हे काहीच ठाऊक नव्हतं.

“या घरात दादांच्या कामाला आजवर कोणी नाव ठेवलंय? आणि त्यांना तेवढंच करता येत होतं बाबांसाठी. मला वाटलं, मी काय गादीतली जाणकार आहे. माझाच काही गैरसमज असेल. चार दिवस मी स्वतःला हेच सांगत होते, आणि सांगताना मला कळत होतं की हे खरं नाही.”

नर्स खाली मान घालून पट्टी बांधत राहिल्या. असल्या गोष्टी त्यांनी पुष्कळ घरांत ऐकल्या असाव्यात.

“सिस्टर, भरेल का ही?” थोरल्याने विचारलं.

“खालचं मेलेलं मांस काढावं लागेल. ते घरी होणार नाही. त्यानंतर हवेची गादी, दोन तासांची कूस, अंडी, दूध, जे गिळवेल ते. तीन महिन्यांत भरतेही. या वयात कधी कधी भरत नाही. मी खोटं सांगणार नाही.”

“मग मी केंद्राला फोन करून गाडी नको म्हणते,” ताई म्हणाली. तिचा आवाज आता अगदी मवाळ झाला होता. “इथल्याच दवाखान्यात न्या, मग घरी आणा. वहिनीइतकं कोणी करणार नाही.”

“नाही,” धाकटी म्हणाली. “न्या तुम्ही.”

“अगं, पण आता तर सगळं…”

“आता सगळ्यांना कळलं, म्हणून माझं खरं ठरत नाही. तिथे रोज डॉक्टर आहेत, ती गादी आहे. तिथली माणसं परकी आहेत, त्यांना दिसलं की ती बोलतील. मी नाही बोलले.”

सकाळपासून तिला मास्तर इथेच हवे होते. आता त्यांना पाठवायचं ती स्वतः म्हणत होती. धाकट्याने तिचा हात धरला. सर्वांसमोर असा हात धरायची त्या घरात रीत नव्हती, पण त्या दिवशी तिकडे कोणाचं लक्ष गेलं नाही.

गाडी चारला दहा मिनिटं कमी असतानाच आली. नर्सनी थोरल्याला शिकवलं, कोणत्या उशा कुठे लावायच्या, वाटेत गाडी कुठे थांबवून कूस बदलायची, खुब्याखाली हात कसा सरकवायचा. तो दोनदा चुकला आणि दोन्ही वेळा त्याने पुन्हा केलं. मास्तरांना चौघांनी मिळून चादरीसकट उचललं. मागच्या बाजूला त्यांच्याशी थोरला बसला. ताई पुढे बसली.

धाकटी मागच्या दारापाशी उभी राहून सांगत होती. “चहा जरा घट्ट करून द्यायला सांगा, पातळ असला की ठसका लागतो. घास डाव्या गालात. डाव्या कुशीवर ठेवलंत तर समोर भिंत नको, भिंत आली की ते डोळे मिटून घेतात. आणि कातडी रोज उजेडात बघा, पट्टी नसलेली जागासुद्धा. काही वेगळं दिसलं तर लगेच बोला. समोर डॉक्टर असू दे, कोणी मोठं असू दे.”

“बोलेन,” थोरला म्हणाला.

तिने दार लावायला हात पुढे केला, पण त्याने आतून ते धरून ठेवलं.

“एक विचारू? तू मला चार दिवसांपूर्वी सांगितलं असतंस, तर मी ऐकलं असतं?”

धाकटीने त्याच्याकडे पाहिलं. थोरला दीर होता, तिच्याहून सोळा वर्षांनी मोठा. त्याच्याशी ती आजवर मान वर करून दहा वाक्यंही बोलली नव्हती.

“नसतं ऐकलंत,” ती म्हणाली.

थोरल्याने मान हलवली. मग बापाच्या खुब्याखाली हात सरकवला आणि दुसऱ्या हाताने दार ओढून घेतलं.